सार्वत्रिक टपालसेवा : समान दराच्या हमीपुढील प्रश्न

देशातील कोणत्याही पत्त्यावर परवडणाऱ्या आणि शक्यतो समान दरात टपाल पोहोचविण्याची हमी म्हणजे सार्वत्रिक टपालसेवा. ब्रिटिश भारतात १८५४ च्या कायद्याने पाव तोळ्याच्या पत्रासाठी, अंतर कितीही असो, अर्धा आणा हा दर ठरला. हैदराबाद संस्थानात मात्र निजामाचे स्वतंत्र टपाल होते. ते १९५० मध्ये भारतीय टपाल खात्यात विलीन झाले.

आज हैदराबादच्या अंबरपेठचा पिनकोड ५०००१३ आहे. त्यातील ५ हा दक्षिणेकडील विभागाचा अंक, ५०० हा हैदराबादचा वर्गीकरण जिल्हा, तर शेवटचे तीन अंक वाटप करणारे कार्यालय दर्शवितात. संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. आज ऑनलाइन खरेदीतही हाच क्रमांक विचारला जातो; पत्रे मात्र घटली आहेत.

अडचण हिशेबाची आहे. अंबरपेठसारख्या दाट वस्तीत एकाच फेरीत अनेक घरांचे टपाल वाटले जाते. डोंगरातील वाडीवर एका पत्रासाठी तितकीच पायपीट होते. तिकिटाचा दर दोन्हीकडे सारखाच. शहरातील उत्पन्नातून दुर्गम भागातील तूट भरून काढावी, असे हे गणित होते आणि १८९८ च्या कायद्यातील पत्रवाहनाच्या मक्तेदारीचा त्याला आधार होता. फोनवर येणाऱ्या बिलांनी पत्रे कमी केली. खासगी कुरिअर कंपन्यांनी फायद्याचे मार्ग निवडले. जून २०२४ मध्ये लागू झालेल्या टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ मध्ये ती मक्तेदारी उरलेली नाही. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. रजिस्टरचा दर अंतरावर अवलंबून नव्हता. स्पीड पोस्टमध्ये अंतरही मोजले जाते.

डेन्मार्कने २०२४ च्या आरंभी सार्वत्रिक सेवेचे बंधन काढले आणि २०२५ अखेर पोस्टनॉर्डने तेथील पत्रवाटप थांबविले. भारतातील सुमारे १.६४ लाख टपाल कार्यालयांपैकी जवळजवळ नव्वद टक्के ग्रामीण भागात आहेत. २०१८ मध्ये सुरू झालेल्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमुळे पोस्टमन घरपोच पैसेही देऊ लागला आहे. तरीही न्यायालयाची नोटीस वा नेमणुकीचे पत्र दुर्गम पत्त्यावर पोहोचविण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न उरतोच. त्याचे स्पष्ट उत्तर धोरणात नसेल, तर समान दराची हमी प्रथम वाडीवस्तीवर क्षीण होईल.