१२ जानेवारी ते २४ ऑक्टोबर

१७ डिसेंबर २०२३ च्या रविवारी पोलादपुरात एक जुनी डिझेल गाडी पाहायला गेलो. किल्ली फिरवली, तेव्हा मीटरवर ४८,२१० किलोमीटर उमटले. गाडी मार्च २०१६ ची, म्हणजे महिन्याला सरासरी ५१८ किलोमीटर पडतात. विकणारे गृहस्थ म्हणाले, "कमी फिरलेली आहे, काका. घाटात फारशी नेलीच नाही." पोलादपुरातून एका अंगाला कशेडी, दुसऱ्या अंगाला आंबेनळी. घाट टाळायचा म्हटला तर मुख्य रस्त्याने महाडच उरतं. तरीही वाक्य टिपून ठेवलं. साक्ष पटली नाही म्हणून वगळायची नसते.

मग कागद मागितले. आरसीवर पेणच्या आरटीओचा एमएच-०६ क्रमांक, नोंदणी मार्च २०१६, मालक क्रमांक २, आणि कार्ड दिल्याची तारीख नोव्हेंबर २०२१ मधली. पहिल्या मालकाचा पत्ता महाड शहरातला, तो जुन्या विमा पॉलिसीवर सापडला. एवढ्या सरकारी कागदांत गाडी किती धावली हे मात्र कुठेच नाही. मालकी बदलताना भरायच्या नमुना २९ आणि ३० मध्ये मीटरच्या आकड्याला रकानाच नाही. डिसेंबर २०२२ च्या केंद्रीय नियमांनी जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांवर प्रत्येक फेरीची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवण्याचं बंधन घातलं. पण ते विक्रेत्याच्या ताब्यातल्या गाडीपुरतं. एका घरातून दुसऱ्या घरात जाणाऱ्या गाडीला ते लागत नाही. बेल्जियममध्ये २००६ पासून गॅरेजवाले प्रत्येक कामाच्या वेळी मीटरचा आकडा कळवतात आणि जुनी गाडी विकताना तो सगळा इतिहास घेणाऱ्याच्या हाती द्यावा लागतो. आपल्याकडे हा इतिहास ज्याचा त्याने जमवायचा.

माझा पहिला भक्कम कागद म्हणजे डॅशबोर्डच्या कप्प्यातली सर्व्हिस पुस्तिका. ती गाडीसोबत आली होती, पण उघडलेली दिसत नव्हती. पानं एकमेकांना चिकटलेली. शेवटचा शिक्का ९ नोव्हेंबर २०१८ चा, रीडिंग ४०,१२०. पुढची पानं कोरी. बत्तीस महिन्यांत ४०,१२० म्हणजे महिन्याला साडेबाराशे. आणि तिथून आजच्या ४८,२१० पर्यंत एकसष्ट महिन्यांत फक्त ८,०९०, महिन्याला १३३! संशय यावा इतका हा उतार आहे, पण संशयच. मधे २०२० ची टाळेबंदी येते. माणसं आजारी पडतात, नोकरी बदलतात, गाडी दारात उभी राहते. कोऱ्या पानांचा अर्थ गाडी फिरली नाही असा होत नाही, तसा ती फिरली असाही होत नाही. वॉरंटी संपली की बरेच जण कंपनीच्या वर्कशॉपऐवजी जवळच्या मेस्त्रीकडे जातात, एवढंच म्हणता येतं.

मेस्त्रीची खूण बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर होती. ऑइल बदलल्यावर चिकटवतात तसला स्टिकर. वर महाडच्या एका गॅरेजचा छापील फोन नंबर, खाली बॉलपेनने तारीख १२-१-२१, ऑइलचा ग्रेड आणि पुढच्या बदलीचा आकडा: ८०,५००. की ३०,५००? मेस्त्रीने इंग्रजी अंक काढले होते, आणि इंग्रजीतले आठ आणि तीन घाईत जुळ्या भावांसारखे दिसतात. मोडी वाचणाऱ्यांना हा प्रसंग नेहमीचा. अशा वेळी त्याच हातचं तेच अक्षर दुसरीकडे शोधायचं. ते दोन इंच वर मिळालं. ग्रेड लिहिला होता ५डब्ल्यू-३०. त्यातला तीन डावीकडे सताड उघडा, वरची रेघ सपाट. खालच्या आकड्याची दोन्ही पोटं बंद. मी आठ वाचतो.

पुढची बदली ८०,५०० ला, तर त्या दिवशीचा आकडा किती? मेस्त्री साडेसात हजाराची मुदत देतात किंवा दहाची. दहाच धरू, म्हणजे आपलं अनुमान कमीत कमीकडे झुकेल. तेव्हा १२ जानेवारी २०२१ ला गाडी ७०,५०० वर होती. नोव्हेंबर २०१८ पासूनचा वेग महिन्याला ११६८ निघतो, म्हणजे आधीपेक्षा थोडा कमी. टाळेबंदीचं वर्ष त्यात धरलं तर आकडे आपसूक जुळतात.

टायरची साक्ष दुय्यम आहे. बाजूच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. स्टेपनी ०५१६, म्हणजे फेब्रुवारी २०१६ च्या सुमाराची, बहुधा मूळची. मागची दोन्ही २०१९ ची, आणि घासून खाचेतल्या खुणेला टेकलेली. आठ हजारांत टायर एवढं जात नाही. पण ते जुनंच बसवलं असेल तर? म्हणून यावर भार देत नाही.

विम्याच्या कागदाने मला जवळजवळ फसवलं. मार्च २०२१ च्या पॉलिसीत नो क्लेम बोनस ५० टक्के, म्हणजे सलग पाच वर्षं दावा नाही. मार्च २०२२ च्या पॉलिसीत शून्य. मधे जुलै २०२१ चा महाडचा पूर आहे, म्हणजे त्याचा दावा झाला, असं वहीत लिहूनही टाकलं. मग खोडलं. बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. मालक बदलला की नव्याची पाटी कोरीच. त्या शून्यातून काही सिद्ध होत नाही.

निर्णायक पुरावा विकणाऱ्यांच्याच फोनमध्ये निघाला. हिशेब ऐकून ते आधी चिडले, मग गप्प झाले, मग फोटो शोधू लागले. गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी त्यांनी हार घातलेल्या स्टिअरिंगचा फोटो काढला होता. तारीख २४ ऑक्टोबर २०२१. फोनमधली तारीख चुकू शकते, म्हणून विचारलं. "चुकणार कशी? त्याच रात्री पाकिस्तानने दुबईत दहा विकेटनी हरवलं. पेढे तसेच राहिले." सामना त्याच रविवारचा, तारीख पक्की. फोटो मोठा केला. झेंडूच्या पाकळ्यांमागे मीटर पेटलेला: ३१,४५०.

२०१८ मध्ये ४०,१२०. २०२१ मध्ये ३१,४५०. आता स्टिकर कसाही वाचा, मीटर मागे गेला हे निश्चित, आणि तो या गृहस्थांच्या हाती गाडी येण्याआधीच गेला. त्यांनी नंतर चालवलेले १६,७६० किलोमीटर खरे मानायला हरकत नाही. ७०,५०० त मिळवले की ८७,२६० होतात. हा तळ. जानेवारी ते ऑक्टोबर २०२१ मधली धाव त्यावर वेगळी, आणि तिचा कागद माझ्याकडे नाही.

त्याच फटीत २२ जुलै २०२१ बसतो. त्या दिवशी सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं होतं. मीटर मुद्दाम फिरवला, की पाण्याने गेला म्हणून दुसऱ्या गाडीचा जुना आणून बसवला? दुसऱ्या शक्यतेसाठी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. एरवी तो टोकापर्यंत कोणी ओढत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी डाग, कडेला बोटाला लागणारी बारीक माती. बेल्टचं रीळ खांबाच्या तळाशी असतं. म्हणजे पाणी उंबऱ्यापर्यंत आलं असावं. उलट बॉनेटमधल्या स्टिकरची शाई कुठेही पसरलेली नाही. मीटर साधारण त्याच उंचीवर, तेव्हा तो बुडाला नसावा. माझा कल फिरवण्याकडे आहे. पण खालून गेलेल्या वायरिंगचं मी सांगू शकत नाही.

एक कागद अजून हवा होता. स्टिकरवरच्या नंबरवर फोन केला. मेस्त्रींना गाडी आठवेना, पण प्रत्येक गाडीचं रीडिंग ते वहीत लिहितात म्हणाले. जानेवारी २०२१ ची वही?

"ती दुकानातच होती ना. पाणी उतरल्यावर चार दिवस पत्र्यावर वाळत घातली," ते म्हणाले. "पानं सुटलीच नाहीत."