गाठीमागे किती कोळसा?

आमच्या ऑफिसात लिफ्टशेजारी एक पाटी लागली आहे. 'एकच मजला चढायचाय? जिना वापरा, कार्बन वाचवा.' पाटी वाचता यावी म्हणून तिच्यावर एक दिवा रात्रंदिवस जळत असतो. असो.

ती पाटी पाहिली की मला मामा आठवतो. मामा अकोल्याला एका जिनात फिटर होता. (जिन म्हणजे बाटलीतली नव्हे. कापसातून सरकी आणि रुई वेगळी करतात तो कारखाना. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी हा खुलासा दरवेळी करावा लागतो.) लहानपणी सुटीत त्याच्याबरोबर गेलो की तो आधी सगळ्या मोटारींवरून हात फिरवायचा, आणि माल नसताना चालू राहिलेली मोटार दिसली की पहिल्यांदा बटण दाबायचा, मग शिव्या द्यायचा. मी एकदा विचारलं, "मामा, एवढी काय घाई?" तर म्हणाला, "फुकट मोटर फिरली तं मालक आमच्यावर फिरते ना बाप्पा."

कार्बन हा शब्द मामाने तेव्हा ऐकलेला नव्हता. पण ऊर्जा वाचवण्याचा धंदा वऱ्हाडात दीडशे वर्षं चालू आहे, आणि तो बहुतेक वेळा याच कारणाने चालला आहे. गेले तीन-चार वीकेंड मी त्याच्यामागे लागलोय.

सुरुवात बैलांपासून. रेल्वे येण्याआधी अमरावतीची रुई लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून निघायची ती जबलपूरमार्गे थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला. अंतर सुमारे ५०० मैल. तिथून नावेने कलकत्त्याला. जुन्या गॅझेटियरमध्ये म्हटलंय की १८४२ साली एकट्या एका व्यापाऱ्याने या वाटेने १ लाख बैलांचा माल पाठवला. आकडा ऐकीव असेल, दोन शून्यं इकडेतिकडे झाली असतील, तरी चित्र डोळ्यांसमोर आणा. इंधन म्हणाल तर गवत आणि कडबा. आजच्या भाषेत शंभर टक्के नवीकरणीय! फक्त माल महिनोन्‌महिने वाटेत, आणि ढिल्या बोऱ्यांतल्या कापसात धूळ, पाऊस आणि बैलांचं काय काय मिसळलेलं.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांना लावून दिलं (द्यावं लागलं). १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, तिथला कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना एकदम वऱ्हाड आठवलं. १८६७ ला रेल्वेचा फाटा भुसावळहून अकोला, बडनेरामार्गे नागपूरला पोचला. १८६९ ला सुवेझ कालवा उघडला. १८७० ला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला, तिथल्या रेल्वे फाट्याचं आणि कापूस बाजाराचं उद्घाटन करायला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, बुलढाण्यात गेलं ते १९०५ ला. पुढच्या वर्षी बडनेरा ते अमरावती हा छोटा फाटाही झाला. एका गावच्या कापसासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून गरज कोणाला किती होती ते समजावं.

आता इथे इंजिनियरच्या कामाचा भाग येतो. कापूस हा वाहतुकीच्या दृष्टीने अत्यंत नालायक माल आहे. वेचलेल्या कापसातलं जवळपास दोन तृतीयांश वजन सरकीचं. उरलेल्या रुईत बहुतांश हवा. म्हणजे तुम्ही रेल्वेच्या डब्यात कापूस भरता तेव्हा मुख्यतः हवा मुंबईला पाठवत असता. म्हणून डब्याच्या आधी दोन यंत्रं लागतात. एक रेचा, सरकी काढणारा. दुसरा प्रेस, हवा काढणारा. वाफेवरचे जिन आणि प्रेस स्टेशनांजवळ उभे राहिले, बंदराजवळ नाही, याचं कारण हे. दाबून, पट्ट्या आवळून गाठ बांधली की तीच रुई कितीतरी कमी जागेत मावते. तेवढे डबे कमी, जहाजात तेवढी जागा कमी, म्हणजे तेवढाच कोळसा कमी. माझ्या मते वऱ्हाडाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी ऊर्जाबचत ही प्रेसनेच केली, आणि तिला कोणी कधी ऊर्जाबचत म्हटलं नाही. झिप फाइल म्हणा हवं तर.

त्या काळच्या हिशेबाची एक खूण अजून शिल्लक आहे. गाठ ३९२ पौंडांची, आणि दोन गाठी म्हणजे ७८४ पौंडांची एक खंडी. आज गाठ १७० किलोची झाली, पण रुईचा भाव अजून खंडीवरच बोलतात. ३५६ किलोची खंडी म्हणजे तेच ७८४ पौंड.

पण बचत कारखान्याच्या बाहेर होत होती. आत काय चाललं होतं? आत उधळपट्टी होती.

जुन्या जिनाची रचना अशी. एका टोकाला बॉयलर आणि वाफेचं इंजिन. त्यातून निघालेला एक लांबच लांब लोखंडी दांडा शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दांड्यावर पुल्या, पुल्यांवर चामड्याचे पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्याला एक रेचा. सगळे रेचे चालू असोत की निम्मे, दांडा अख्खा फिरणार, सगळ्या बेअरिंगा घासणार. आपल्याकडे एका माणसाच्या कामासाठी अख्खा सर्व्हर रात्रभर चालू ठेवतात ना, अगदी तसंच. छोट्या जुन्या वाफेच्या इंजिनात कोळशातल्या उष्णतेपैकी ६-७ टक्केच दांड्यापर्यंत पोचायची. दांडा आणि पट्टे त्यातला पाव हिस्सा खायचे, कधी जास्तही. म्हणजे १०० किलो कोळसा जाळला तर रेच्याच्या कामी जेमतेम ५ किलोचा आला. बाकीचा धुराड्यातून वऱ्हाडच्या आभाळात.

त्यात हा धंदा हंगामी. दिवाळीच्या आगेमागे कापूस येतो, उन्हाळ्यात संपतो. नफा दिसला म्हणून गरजेपेक्षा कितीतरी जास्त जिन उभे राहिले. मग मालकांनी काय करावं? त्यांनी 'पूल' केले. म्हणजे गावातल्या जिनवाल्यांनी एकत्र येऊन दर ठरवायचा, काही जिन चालवायचे, काही मुद्दाम बंद ठेवायचे, आणि बंद असणाऱ्यालाही नफ्यात वाटा द्यायचा. वऱ्हाड-खानदेशात हे सर्रास चाले. कारखाना बंद, कोळसा शून्य, कमाई चालू! शेतकऱ्याला मात्र ठरवलेला दर मुकाट्याने द्यावा लागायचा.

जमशेटजी टाटांनी हेच गणित पुढे नेलं. मुंबईच्या गिरण्यांचा कोळसा त्या काळी विलायतेहून बोटीने यायचा आणि कापूस आमच्याकडून रेल्वेने. टाटांनी गिरणीच नागपूरला नेली. कापूस दाराशी, वरोऱ्याच्या खाणी हाकेच्या अंतरावर. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे अकोल्याला सावतराम मिल, अचलपूरला विदर्भ मिल, बडनेऱ्यालाही गिरणी, असं करत कापसाच्या गावीच सूत निघू लागलं.

मुंबईने मात्र नंतर बाजी उलटवली. १९१५ ला खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. सह्याद्रीचा पाऊस आणि घाटाची उंची, दोन्ही फुकट. कापूसपट्ट्याला तसा घाट कुठून आणायचा? आम्ही कोळशाचे ते कोळशाचेच राहिलो. किती काळ? मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी आमची शकुंतला, कापसासाठीच टाकलेली छोटी लाइन, १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनावर १९९४ पर्यंत चालत होती. त्या वर्षी भारतात इंटरनेटची चर्चा सुरू झाली होती आणि इकडे ड्रायव्हर फावड्याने कोळसा टाकत होता.

कारखान्यात वीज आली तेव्हा तो लांब दांडा गेला आणि प्रत्येक यंत्राला आपली मोटार मिळाली. मामाला जे बटण दाबता येत होतं ते याच बदलामुळे. त्याच्या आजोबांच्या पिढीतल्या फिटरला एकटा रेचा थांबवून कोळसा वाचवता आलाच नसता, फार तर पट्टा उतरवता आला असता.

अकोल्याजवळ पारसला १९६१ साली ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. आज तिथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत, २००८ आणि २०१० चे. मुंबईहून येताना शेगाव सोडलं की खिडकीतून त्याची चिमणी दिसते. म्हणजे जिनांची धुराडी गेली, त्यांच्या जागी एक मोठं आलं. मग फायदा काय झाला? ढोबळ हिशेब करू. आधुनिक केंद्रात उष्णतेची ३५ टक्के वीज होते. तारांमध्ये १५ टक्के गळती धरा, मोटारीत आणखी १० टक्के. हातात सुमारे २७ उरतात. पूर्वी ५ होते. कोळसा तोच, काम पाचपटीहून जास्त. वीज स्वच्छ असते हे म्हणणं आपल्याकडे अर्धंच खरं आहे (देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे अजूनही ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो), पण दांड्याच्या मानाने ती कितीतरी बरी.

आता आजचा कारखाना. एक गाठ तयार करायला, समजा, ५० युनिट लागले, तर साधारण ३५ किलो कार्बन डायऑक्साइड. त्याच गाठीचं मध्यम नंबरचं सूत काढायचं तर किलोमागे ३-४ युनिट, म्हणजे ५००-६०० युनिट. दसपट! तेव्हा खरी बचत सूतगिरणीत आहे. त्यातही चात्यांइतकाच डोळा ठेवायला हवा तो पंख्यांवर. कोरड्या हवेत धागा तुटतो, म्हणून आत फवारे मारून दमट हवा फिरवावी लागते. कोइमतूरपेक्षा अकोल्याच्या मे महिन्यात हे काम किती अवघड, ते सांगायला नको. २०२४ च्या मे महिन्यात तर अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हासाठी कलम १४४ लावलं होतं. पण पंख्याचा एक नियम भारी आहे. वेग २० टक्क्यांनी कमी केला की वीज जवळपास निम्मी होते, कारण वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, करून बघा. संध्याकाळी हवा निवली की पंखा हळू करणारं एक नियंत्रक बसवायचं, बस.

सरकारनेही २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा केला, २०१२ पासून मोठ्या कारखान्यांना बचतीचं लक्ष्य दिलं, जास्त बचत केली तर प्रमाणपत्र विकायची सोय दिली. कापड उद्योगही त्यात घेतला. पण कापड कारखान्यासाठी त्याची मर्यादा होती वर्षाला ३००० टन तेलाइतकी ऊर्जा. म्हणजे सुमारे साडेतीन कोटी युनिट. वरच्या दराने ७ लाख गाठी बांधणारा जिन असेल तरच तो त्यात येणार. असा जिन माझ्या मामाने स्वप्नातही पाहिला नसेल. म्हणजे वऱ्हाडातले जिन या यादीच्या बाहेर, आणि तिथली बचत अजून मामासारख्या फिटरच्या हातावर आणि मालकाच्या वीजबिलावर.

आणि सूतगिरण्या? सावतराम आणि विदर्भ मिल १९७४ ला आजारी म्हणून सरकारने घेतल्या. अचलपूरला नंतर मुंबईच्या फिनले मिलच्या नावाने नवी गिरणी उभी राहिली. मार्च २०२० च्या लॉकडाउनमध्ये तिची चाकं थांबली, आणि कामगार ती पुन्हा सुरू करा म्हणून आंदोलनं करत राहिले. थांबलेल्या गिरणीचं उत्सर्जन शून्य असतं. जिल्ह्याचा कार्बनचा तक्ता कोणी एक्सेलमध्ये मांडला तर तो रकाना हिरवा दिसेल. पण कापूस काही पिकायचा थांबला नाही. गाठी ट्रकवर चढतात आणि डिझेल जाळत हजार-बाराशे किलोमीटर दक्षिणेला जातात, तिथे तेच युनिट जळतात, आणि सुताचे पैसे तिथे राहतात. म्हणून मला 'कारखान्याने उत्सर्जन इतके टक्के घटवलं' असं वाचलं की विचारावंसं वाटतं, गाठीमागे किती घटलं ते सांगा. पूलवाल्या मालकांनीही कोळसा घटवलाच होता.

अमरावतीजवळ नांदगाव पेठला २०२३ मध्ये पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क जाहीर झालं, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. सुमारे १००० एकर, कापसापासून कपड्यापर्यंत सगळं एका जागी असा बेत आहे. शेजारीच कोळशावरचं १३५० मेगावॅटचं खाजगी वीजकेंद्र आहे, आणि वर बाराही महिने वऱ्हाडचं ऊन. टाटांनी १८७७ ला केलं ते गणित पुन्हा मांडायला इतकी सोयीची जागा सापडणं कठीण.

मामाला फोनवर हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "थ्या पार्कात फिटर लागन का रे, बाबू? आपल्या शेजारचा पोरगा आयटीआय झाला यंदा."