गुलामीखत

गिरगावात संत तेरेजाच्या चर्चजवळील चौकाला सारे ‘प्रार्थना समाज’ म्हणतात. तेथून भुलेश्वरकडे चालू लागले, की पंधरा-वीस मिनिटांत वल्लभ संप्रदायाचे मोठे मंदिर लागते. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी काही माणसांना एवढे अंतर काटावयास आयुष्य खर्ची घालावे लागले. ‘धार्मिक आघात’ हा शब्द हल्ली आपल्या घरांतूनही ऐकू येतो. हे पाश्चात्त्यांचे नवे खूळ, असे म्हणून आपण तो झटकून टाकतो. म्हणून ही जुनी हकीकत सांगावीशी वाटते.

१८५९ च्या सुमारास मुंबईतील वैष्णव महाराजांना न्यायालयात हजर राहण्याचे संकट टाळावयाचे होते. आपल्याविरुद्ध कोणी लिहू नये, लिहिल्यास त्याला जातीबाहेर टाकावे, असा दस्तऐवज त्यांनी भक्तांपुढे सहीसाठी ठेवला. सह्या मिळेनात, तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद झाले. दर्शन घेतल्यावाचून अन्न न घेण्याचा ज्यांचा नेम होता, त्यांच्यावर उपाशी राहण्याची वेळ आली. भाविक माणसाला त्याच्याच भक्तीने कोंडीत धरण्याचा हा प्रकार होता. अखेर शेटसावकारांनी सह्या केल्या. ‘सत्यप्रकाश’ या गुजराती साप्ताहिकाचे तरुण संपादक करसनदास मुळजी यांनी त्या कागदाला ‘गुलामीखत’ म्हटले.

करसनदास स्वतः त्याच संप्रदायात वाढलेले. विधवाविवाहावर निबंध लिहिण्याच्या पायी, ज्या वृद्ध नातलग बाईने त्यांना सांभाळले तिनेच त्यांना घराबाहेर काढले होते. २१ ऑक्टोबर १८६० रोजी त्यांनी महाराजांच्या अनाचारावर, विशेषतः स्त्रीभक्तांशी होणाऱ्या वर्तनावर, उघड लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. महाराजांविरुद्ध साक्ष द्यावयाची नाही, असे भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनी सभा भरवून ठरविले. या कटाबद्दल नऊ जणांना दंड झाला. तरीही मथुरादास लवजी, लखमीदास खिमजी यांच्यासारखे व्यापारी २५ जानेवारी १८६२ पासून सुप्रीम कोर्टात चाललेल्या खटल्यात उभे राहिले. उद्या आपल्या मुलीचे लग्न कोण करील, आपल्या अंत्ययात्रेला कोण येईल, हे प्रश्न त्यांना पडले नसतील काय?

डॉ. भाऊ दाजी लाड यांनीही साक्ष दिली. महाराजांपैकी काहींवर आपण गुप्तरोगासाठी उपचार केले, असे त्यांनी शपथेवर सांगितले. वैद्याने रोग्याची गोष्ट चारचौघांत सांगावी काय? पापनिवेदनातील गुप्तता प्राणापलीकडे जपण्याची शपथ वाहिलेल्या आम्हांला हा प्रश्न सोपा वाटत नाही. परंतु भाऊ दाजींच्या साक्षीवाचून या भक्तांवर कोणी विश्वास ठेवला असता, असेही वाटत नाही. २२ एप्रिलला निकाल लागला व लेखातील आरोप खरे ठरले. प्रश्न धर्मशास्त्राचा नसून नीतीचा आहे, असे न्यायमूर्ती आर्नोल्ड यांचे म्हणणे होते.

वल्लभ संप्रदायाच्या भक्तिपरंपरेवर बोट ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. तसा अधिकार आम्हांला नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आध्यात्मिक अत्याचाराला स्वतंत्र गुन्हा ठरविण्याचा विचार खुद्द व्हॅटिकनला हाती घ्यावा लागला आहे. आमच्या मनाला लागते ते निराळेच. साक्षीदारांच्या पिंजऱ्यात उभे राहिले ते पुरुष. ज्या स्त्रियांसाठी हे सारे चालले होते, त्या निकालाच्या दिवशी कोणत्या घरात, कोणापाशी बसल्या असतील? स्वतः करसनदास १८६३ मध्ये इंग्लंडला गेले, आणि समुद्रपर्यटनाच्या दोषावरून जातीने त्यांना वाळीत टाकले. १८७१ मध्ये, चाळिशी गाठण्यापूर्वीच, ते वारले.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात आघातातून सावरण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या आहेत. प्रथम सुरक्षितता, मग जे घडले त्याची आठवण आणि त्याचा शोक, व शेवटी माणसांशी पुन्हा नाते. न्यायालय फार तर दुसऱ्या पायरीवर हात देते. पहिली आणि तिसरी माणसांनीच द्यावी लागते. १८४९ मध्ये मुंबईत निघालेल्या परमहंस सभेला हे उमगले होते. जातिभेद मोडू पाहणारी ती मंडळी गुप्तपणे जमत. पुढे सभेचे कागद चोरीस जाऊन नावे फुटण्याची भीती निर्माण झाली आणि सभा विरून गेली. १८६७ मध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग आदींनी प्रार्थना समाज स्थापिला, तो मात्र उघडपणे. जुने बंधन सोडलेल्याला बसून प्रार्थना करण्यास गिरगावात एक जागा झाली.

कायदाही सावकाश चालत आला. बहिष्काराला बंदी करणारा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये नवा कायदा केला.

आता स्वतःचे सांगतो. काही वर्षांपूर्वी एक भगिनी आमच्याकडे आली. एका प्रार्थनागटात ती सहा वर्षे होती. तेथे औषध घेणे म्हणजे अविश्वास मानला जाई, माहेरी जाण्यास परवानगी लागे आणि मनातील प्रत्येक शंका सैतानाची ठरे. गट सोडून वर्ष लोटले होते, तरी बायबल उघडले की तिचे हात थरथरत. आम्ही सेमिनरीत शिकलो तेच बोललो : क्षमा कर, प्रार्थना कर, रविवारी मिस्साला ये. ती उठून गेली. गटातही आपल्याला हेच सांगत, असे तिने नंतर कोणापाशी तरी म्हटल्याचे कानी आले.

आम्ही तिला निरोप धाडून क्षमा मागितली. तिला समुपदेशक हवा होता. तो ख्रिस्ती नसावा, अशी तिची अट होती. ती अट आम्हांला प्रथम बोचली, हे कबूल करतो. दादरला एक बाई मिळाल्या. अधूनमधून ती आमच्या कार्यालयात येते आणि चहा घेते. मिस्साला ती अजून आलेली नाही. आम्ही विचारलेलेही नाही.