लाल शाईचा शेरा

“गृहपाठ केला कां?” हा प्रश्न मीं वर्गांत हजारों वेळां विचारला असेल, परंतु “तो मीं दिला कशासाठीं?” हें स्वतःला क्वचितच विचारलें. एकदां एका मुलानें गणितांतील तीच चूक तीन दिवस लागोपाठ करून आणली. तिन्ही दिवशीं त्या चुकीखालीं लाल शाईंत “पाहिलें” हा शब्द व माझी सही होती. मीं खरोखर काय पाहिलें होतें? गृहपाठाचा हेतु व त्यावरील शेरा यांचें मोजमाप करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

आरंभीं मोजली गेली ती मिनिटें. अमेरिकेंतील डॉ. जोसेफ मेयर राइस यांनीं सुमारें ३३,००० मुलांचें शुद्धलेखन तपासून १८९७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोज चाळीस-पन्नास मिनिटें शब्द घोकणारीं मुलें पंधरा मिनिटें घोकणाऱ्यांहून सरस ठरलीं नाहींत. हें घोकणें मुख्यतः शाळेंतलें. तरी घरच्या घोकंपट्टीच्या विरोधकांना त्यानें बळ आलें. १९०१ सालीं कॅलिफोर्निया संस्थानानें पंधरा वर्षांखालील मुलांना घरचा अभ्यास सक्तीनें देण्यास कायद्यानें बंदी केली. ती १९१७ सालीं उठली. वाद होता तो “किती” याचा. “कशासाठीं” हें मागें राहिलें.

पुढें लक्ष गेलें शिक्षकाच्या लेखणीकडे. १९५८ सालीं एलिस पेज यांनीं ७४ शिक्षक व २,१३९ विद्यार्थी घेऊन एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. शिक्षकांनीं नेहमीप्रमाणें कागद तपासले व श्रेणी दिली. मग मुलांचे यदृच्छेनें तीन गट पाडले. पहिल्याला नुसती श्रेणी मिळाली. दुसऱ्याला तिच्याबरोबर ठराविक ठशाचें वाक्य. तिसऱ्याला शिक्षकानें त्या मुलासाठीं आपल्या शब्दांत लिहिलेला शेरा. पुढील चाचणींत तिसरा गट सर्वांत पुढें होता, पहिला सर्वांत मागें. नंतर इतरांनीं हा प्रयोग पुनः केला, तेव्हां प्रत्येक वेळीं तेंच फळ मिळालें असें मात्र नाहीं.

१९८८ सालीं रूथ बटलर यांनीं इस्रायलमधील मुलांवर केलेला प्रयोग याहून चटका लावणारा आहे. केवळ शेरा मिळालेल्या मुलांचें काम सुधारलें व गोडी टिकली. परंतु शेऱ्याबरोबर गुणही दिले, तेव्हां शेऱ्याचा लाभ जवळजवळ नाहींसा झाला. मुलांचे डोळे आंकड्यावरच खिळले असावेत. १९९६ सालीं क्लूगर व डिनिसी यांनीं शाळेंतील व इतर कामांवरील अभिप्रायांचे ६०७ निष्कर्ष एकत्र मांडले. सरासरीनें लाभ दिसला. पण एक-तृतीयांशाहून अधिक ठिकाणीं अभिप्रायानंतर काम उलट बिघडलें होतें. लक्ष कामावरून उडून स्वतःच्या मानापमानाकडे वळलें कीं असें घडतें, हें त्यांचें अनुमान.

“कशासाठीं” या प्रश्नाकडे जॉइस एप्स्टाइन व फ्रान्सिस व्हॅन व्हूर्हिस यांनीं २००१ सालीं विशेष लक्ष वेधलें. गृहपाठाचे त्यांनीं दहा हेतु नोंदविले. सराव, उद्यांच्या पाठाची तयारी, घर व शाळा यांचा संबंध हे त्यांत आहेत. वरिष्ठांचा नियम पाळणें, शाळेचा लौकिक दाखविणें आणि शिक्षा हेही आहेत! त्यांतील शिक्षेस त्यांनीं योग्य हेतु मानलें नाहीं.

येथें दोन्ही धागे मिळतात. गृहपाठ कशासाठीं दिला हें ज्याला ठाऊक नाहीं, त्यानें शेरा कशावर लिहावा? त्याच्या हातून “पाहिलें” एवढेंच उमटणार. पन्नास वह्यांपुढें शिक्षकाची दमछाक होते, हें मीं अनुभवलें आहे. परंतु मग पांच उदाहरणांऐवजीं दोनच द्यावीं, आणि चूक कोठें झाली तें एका वाक्यांत सांगावें.

श्रोतेहो, आपल्या मुलाची वही आज रात्रीं उघडा. गुण किती हें विचारण्यापूर्वीं लाल शाईंतलें वाक्य त्याला वाचून दाखवावयास सांगा. वाक्यच नसेल, तर त्याच्या गुरुजींना रागानें नव्हे, आदरानें विचारा. मला तेव्हां कोणी विचारलें असतें, तर त्या मुलाचे तीन दिवस वांचले असते.