जॉन सल्स्टन : मानवी जीनोम सर्वांसाठी खुला ठेवणारा शास्त्रज्ञ

आपल्या समाजातील बऱ्याच घरांत आज कोणी ना कोणी औषधनिर्मिती, जैवतंत्रज्ञान किंवा संगणक क्षेत्रात काम करत आहे. ‘ओपन सायन्स’ आणि ‘ओपन डेटा’ हे शब्द त्यामुळे घराघरांत ऐकू येतात. या शब्दांमागे एक मोठा संघर्ष आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी असलेल्या माणसाचे नाव मराठीत फारसे घेतले जात नाही. वाचकांसाठी, विशेषतः विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी, आम्ही ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ सर जॉन सल्स्टन (१९४२–२०१८) यांच्या कार्याची ओळख येथे करून देत आहोत.

शिक्षण आणि सुरुवातीचे काम

सल्स्टन यांचा जन्म २७ मार्च १९४२ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील धर्मोपदेशक, आई इंग्रजीची शिक्षिका. वस्तू खोलून पाहणे आणि पुन्हा जोडणे हा त्यांचा लहानपणापासूनचा नाद होता. केंब्रिज विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि १९६६ मध्ये पीएचडी मिळवली. त्यानंतर अमेरिकेतील साल्क संस्थेत काही वर्षे काम करून १९६९ मध्ये ते केंब्रिजला परतले आणि सिडनी ब्रेनर यांच्या गटात दाखल झाले.

ब्रेनर यांनी अभ्यासासाठी सी. एलिगन्स नावाचा एक सूत्रकृमी निवडला होता. शेतीशी संबंध असलेल्यांना सूत्रकृमी हा शब्द पिकांच्या रोगामुळे माहीत असेल. हा मात्र निरुपद्रवी, मातीत राहणारा, जेमतेम एक मिलीमीटर लांबीचा. त्याचे शरीर पारदर्शक असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत कृमीतील एकेक पेशी दिसते. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असे होत पूर्ण प्राणी कसा घडतो, याची पेशींची वंशावळ सल्स्टन यांनी मांडली. अंड्यातील वाढ नोंदवण्यासाठी सुमारे दीड वर्ष ते रोज चार-चार तासांच्या दोन पाळ्यांत सूक्ष्मदर्शकापाशी बसत आणि हाताने चित्रे काढत.

या वंशावळीतून दिसले की प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात, प्रजनन पेशी सोडून, बरोबर ९५९ पेशी असतात. वाढीच्या काळात तयार होतात १,०९०. त्यांतील १३१ पेशी ठरलेल्या वेळी मरतात. पेशींचे हे नियोजित मरण कर्करोगासारख्या आजारांच्या अभ्यासात पुढे फार महत्त्वाचे ठरले. याच कामासाठी २००२ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ब्रेनर, रॉबर्ट होर्विट्झ आणि सल्स्टन यांना विभागून मिळाले.

देण्याघेण्याची सवय

या कृमीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांची संख्या सुरुवातीला थोडी होती. त्यांच्यात एक पद्धत रूढ झाली : अजून छापून न आलेले निष्कर्षही एका साध्या वार्तापत्रातून एकमेकांना कळवायचे आणि कोणी मागितले तर कृमीचे वाण पाठवायचे. कृमी गोठवून टिकवण्याची रीत बसवण्यात सल्स्टन यांचाही वाटा होता. त्यामुळे हे वाण सांभाळणे आणि पाठवणे सोपे झाले.

१९८० च्या दशकात सल्स्टन आणि त्यांचे सहकारी ॲलन कुल्सन यांनी या कृमीच्या संपूर्ण डीएनएचा नकाशा तयार करायला घेतला. अमेरिकेतील सेंट लुईसचे बॉब वॉटरस्टन पुढे त्यात सामील झाले. नकाशा अपुरा असतानाच तो सर्वांना पाहायला मिळत असे. एखाद्याला आपले जनुक शोधायचे असेल, तर डीएनएचा हवा तो तुकडा त्याला पाठवला जाई आणि तो आपली नवी माहिती परत कळवी. नकाशा त्यामुळे लवकर भरत गेला. सल्स्टन यांच्या पुढच्या सगळ्या भूमिकांचे मूळ या अनुभवात आहे. ‘विद्या दिल्याने वाढते’ असे आपण म्हणतो. येथे ती वाढावी म्हणून एक रोजची व्यवस्था उभी केली गेली होती.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एका अमेरिकी उद्योजकाने सल्स्टन आणि वॉटरस्टन यांना खासगी कंपनीत येण्याचे निमंत्रण दिले. त्यांनी ते स्वीकारले नाही. वेलकम ट्रस्ट आणि ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने केंब्रिजजवळ हिंक्सटन येथे सँगर सेंटर उभारले आणि सल्स्टन त्याचे पहिले संचालक झाले. सी. एलिगन्सचा जीनोम १९९८ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या प्राण्याचा जवळजवळ संपूर्ण जीनोम वाचला जाण्याची ती पहिलीच वेळ. त्यात सुमारे ९.७ कोटी अक्षरे होती.

बर्म्युडा, १९९६

मानवी जीनोममध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. ती वाचण्याचे काम अनेक देशांतील प्रयोगशाळांनी वाटून घेतले होते. वाचलेली माहिती कधी आणि कोणाला द्यायची, हा प्रश्न उभा राहिला. शास्त्रज्ञांची नेहमीची रीत अशी की आधी शोधनिबंध छापायचा आणि मग माहिती द्यायची. त्यात महिने जातात, कधी वर्षेही.

फेब्रुवारी १९९६ मध्ये बर्म्युडा येथे या प्रयोगशाळांचे प्रमुख जमले. सल्स्टन आणि वॉटरस्टन यांच्या पुढाकाराने तेथे तत्त्वे ठरली : एक-दोन हजार अक्षरांपेक्षा लांब जुळवलेला प्रत्येक तुकडा, शक्यतो २४ तासांच्या आत, सार्वजनिक माहितीसाठ्यात टाकायचा, आणि ही माहिती सर्वांना विनाशुल्क, कोणत्याही अटीविना मिळावी. ‘बर्म्युडा तत्त्वे’ या नावाने ती ओळखली जातात.

यात संशोधकांचा स्वतःचा तोटाही होता. आपण रात्रंदिवस खपून वाचलेल्या माहितीवर दुसराच कोणी आधी निबंध लिहू शकत होता. ही अडचण खरी होती. म्हणून जानेवारी २००३ मध्ये फोर्ट लॉडरडेल येथील बैठकीत माहिती देणारे, वापरणारे आणि निधी पुरवणारे या तिघांच्याही जबाबदाऱ्या लिहून काढण्यात आल्या. माहिती लगेच खुली करायची, पण मूळ गटाच्या पहिल्या विश्लेषणाचा मान राखायचा, असा त्याचा मथितार्थ होता.

शर्यत

मे १९९८ मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या नेतृत्वाखाली एक खासगी कंपनी पुढे आली. पुढे ती सेलेरा या नावाने प्रसिद्ध झाली. वेगळ्या पद्धतीने आणि सरकारी प्रकल्पाच्या आधीच मानवी जीनोम वाचून दाखवू, असे तिने जाहीर केले. माहितीसाठा पूर्ण स्वरूपात वापरण्यासाठी वर्गणी घ्यायची आणि काही जनुकांवर पेटंट मिळवायचे, असा तिचा व्यवहार होता. सार्वजनिक प्रकल्पावर पैसे कशाला घालवायचे, असा प्रश्न अमेरिकेत विचारला जाऊ लागला.

वेलकम ट्रस्टने त्याच आठवड्यात आपला निधी जवळजवळ दुप्पट केला आणि मानवी जीनोमचा एक तृतीयांश भाग सँगर सेंटर वाचेल, असे ठरले. सल्स्टन यांची भूमिका स्पष्ट होती. जीनोम कोणी निर्माण केलेला नाही, तो सापडलेला आहे. त्यामुळे तो मानवजातीचा सामाईक वारसा आहे आणि त्यावर कोणा एकाची मालकी असू नये.

१४ मार्च २००० रोजी बिल क्लिंटन आणि टोनी ब्लेअर यांनी संयुक्त निवेदन काढून मूळ जीनोम-माहिती जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली असावी, असे म्हटले. त्यानंतर जैवतंत्रज्ञान कंपन्यांचे शेअर कोसळले. २६ जून २००० रोजी दोन्ही बाजूंनी पहिला मसुदा तयार झाल्याची एकत्रित घोषणा झाली. फेब्रुवारी २००१ मध्ये दोघांचे निबंध वेगवेगळ्या नियतकालिकांत आले आणि एप्रिल २००३ मध्ये सार्वजनिक प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीर झाले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. स्पर्धेमुळे काम लवकर झाले आणि व्हेंटर यांची पद्धत पुढे सर्वत्र वापरली गेली, असे त्यांचे समर्थक म्हणतात. सल्स्टन आणि सहकाऱ्यांचे उत्तर असे होते की सेलेराने सार्वजनिक प्रकल्पाचीच खुली माहिती मोठ्या प्रमाणात वापरली, आणि उलट दिशेने तसे होऊ शकत नव्हते.

बंद माहितीने किती फरक पडला, हे नंतर अर्थशास्त्रज्ञ हेडी विल्यम्स यांनी तपासले. जी जनुके काही काळ सेलेराच्या ताब्यात होती, त्यांच्यावरचे पुढचे संशोधन आणि त्यांतून तयार झालेल्या चाचण्या सुमारे २० ते ३० टक्क्यांनी कमी राहिल्या, असा निष्कर्ष त्यांनी २०१३ मध्ये मांडला.

पेटंट आणि रुग्ण

हा वाद प्रयोगशाळेपुरता नव्हता. स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए-२ हे जनुक १९९५ मध्ये माइक स्ट्रॅटन यांच्या गटाने सँगर सेंटरच्या मदतीने शोधले. त्याच सुमारास अमेरिकेतील मिरियड या कंपनीनेही त्यावर पेटंटसाठी अर्ज केला. बीआरसीए-१ आणि २ यांच्या पेटंटमुळे अमेरिकेत ही चाचणी अनेक वर्षे एकाच कंपनीकडून करावी लागे आणि तिचा खर्च ३,००० डॉलरच्या वर होता. घरात आई-मावशीला हा आजार झालेल्या बाईला आपला धोका समजून घ्यायचा असेल, तर दुसरा पर्याय नव्हता. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक डीएनएवर पेटंट देता येणार नाही, असा निकाल दिला. त्यानंतर इतर प्रयोगशाळांनीही ही चाचणी सुरू केली. सल्स्टन हीच गोष्ट वर्षानुवर्षे मांडत आले होते.

उत्तरायुष्य

२००० मध्ये सल्स्टन संचालकपदावरून बाजूला झाले. २००१ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. २००२ मध्ये जॉर्जिना फेरी यांच्यासह त्यांनी जीनोमच्या संघर्षाची हकिगत ‘द कॉमन थ्रेड’ या पुस्तकात लिहिली. पुढे मँचेस्टर विद्यापीठात विज्ञान आणि नीतीविषयक संस्थेचे काम त्यांनी पाहिले. ब्रिटनच्या मानवी आनुवंशिकी आयोगाचेही ते सदस्य होते. ६ मार्च २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

एक गैरसमज येथे दूर करायला हवा. सल्स्टन यांना खुला हवा होता तो मानवजातीचा संदर्भ-जीनोम. एखाद्या व्यक्तीची आनुवंशिक माहिती गुप्त राहावी आणि तिच्या आधारे नोकरीत किंवा विम्यात भेदभाव होऊ नये, हाही त्यांचा तितकाच आग्रह होता.

आपला संबंध

जानेवारी २०२० मध्ये करोना विषाणूचा जीनोम सार्वजनिक करण्यात आला आणि जगभर लशींचे काम लगेच सुरू झाले. माहिती आधी खुली करण्याचा जो रिवाज त्या वेळी उपयोगी पडला, तो रुजवण्यात बर्म्युडा तत्त्वांचा मोठा वाटा आहे. भारतात ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील दहा हजार भारतीयांची जीनोम-माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी उपलब्ध झाली. ती फरिदाबादच्या केंद्रात ठेवलेली आहे आणि ठरलेल्या नियमांनुसार दिली जाते. खुलेपणा आणि व्यक्तीची गोपनीयता यांचा मेळ घालण्याचा हा प्रश्न आता आपल्याही दारी आला आहे. रुग्णालयात किंवा संशोधन शिबिरात रक्ताचा नमुना देताना संमतीपत्र नीट वाचावे, माहिती कोठे राहणार आणि कोणाला मिळणार हे विचारावे, असे आम्ही सर्व कुटुंबांना सुचवतो.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. हिंक्सटनच्या त्याच परिसरातून सुरू झालेला ‘एन्सेम्बल’ हा माहितीसाठा कोणालाही उघडता येतो. पैसे लागत नाहीत, ओळखपत्र लागत नाही. अकरावी-बारावीत जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी त्यात इन्सुलिनचे किंवा हिमोग्लोबिनचे जनुक शोधून पाहावे. इंदूर असो, बेळगाव असो वा हैदराबाद, केंब्रिजमधल्या संशोधकाला जे दिसते तेच आपल्या मुलालाही दिसते.