जुनी छोटी मोटार घेताना : रंग नव्हे, पूर्वेतिहास तपासा

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव हे सातारा-पंढरपूर मार्गावरील तालुक्याचे ठिकाण. कचेरी, महाविद्यालय, दवाखाना यांसाठी सुमारे वीस किलोमीटरवरील साताऱ्याची ये-जा येथील कुटुंबांना नित्याचीच. उसाचे बिल हाती आले, की दुचाकीऐवजी चारचाकीचा विचार सुरू होतो आणि नव्या गाडीचा हप्ता झेपत नसेल, तर जुन्या छोट्या मोटारीकडे नजर वळते. कित्येक वर्षांची बचत अशा एका व्यवहारात गुंतत असल्याने गाडीची पारख करताना घाई करणे परवडणारे नसते.

१९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने मध्यमवर्गाला मोटारीची सवय लावली. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. १९९८ मध्ये सँट्रो व इंडिका, २००० मध्ये ऑल्टो आणि २००५ मध्ये स्विफ्ट बाजारात आली. कोणते मॉडेल टिकाऊ, हा प्रश्न खरेदीदार प्रथम विचारतो. मात्र दहा वर्षे वापरलेल्या गाडीबाबत मॉडेलच्या नावापेक्षा ती कोणी, कोठे आणि कशी वापरली, याला अधिक महत्त्व आहे.

गाडी आली कोठून?

एमएच-११ म्हणजे सातारा, एमएच-५० कराड, एमएच-१० सांगली आणि एमएच-१२ पुणे. क्रमांकावरून मूळ नोंदणीचे ठिकाण कळते. गाडी कोठे चालली, हे मात्र कळत नाही. शहरातील कोंडीत चाललेल्या गाडीचे किलोमीटर कमी असले, तरी क्लच व ब्रेक अधिक झिजलेले असतात. खडबडीत रस्त्यांवर चाललेल्या गाडीचे सस्पेन्शन आधी खिळखिळे होते.

या भागात आणखी एक धोका आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठच्या सांगली व परिसरात अनेक वाहने पाण्यात गेली. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून नव्यासारखी दिसते. वायरिंग व विजेवर चालणारे भाग मात्र काही महिन्यांनी दगा देऊ लागतात. त्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का, ते पाहावे. सीटखालच्या रुळांवरील गंज, गालिच्याखालची माती, स्टेपनीच्या खोबणीतील गाळ आणि कुबट वास यांवरूनही पाण्याचा माग लागतो.

इंजिनाची परीक्षा

गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन सुरू होण्यातील अडचण लपवते. धुराड्यातून सतत निळसर धूर येत असेल, तर इंजिन ऑइल जळत आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसल्यास पाणी ऑइलमध्ये मिसळत असल्याची शंका घ्यावी. अशा दुरुस्तीचा खर्च मोठा असतो.

सपाट रस्त्यावरील फेरफटका पुरेसा नाही. साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात चारजणांसह गाडी चढवावी. क्लच घसरणे, इंजिन तापणे, उतारावर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढणे, हे दोष तेथे उघडे पडतात.

मीटर मागे फिरवणे अवघड नसल्याने केवळ आकड्यावर विसंबू नये. पेडलचे रबर, स्टीअरिंग आणि चालकाची सीट यांची झीज त्या आकड्याशी जुळते का, ते पाहावे. अधिकृत सेवा केंद्रातील नोंदी मागाव्यात. टायरवरील चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ओळखीच्या मिस्त्रीला सोबत नेण्याचा खर्च संभाव्य दुरुस्तीच्या मानाने किरकोळ असतो.

इंधनाचाही विचार हवा. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर पोहोचले. जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नसल्याने त्यांच्या इंधनवाहिन्या व रबरी भाग तपासून घ्यावेत. सीएनजी किट असल्यास त्याची नोंद आरसी बुकावर हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी.

कागद पक्के, तर व्यवहार पक्का

चेसिस व इंजिन क्रमांक आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहावेत. ‘एम-परिवहन’ ॲपवर नोंदणी, विमा व बोजा यांची माहिती मिळते. बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल, तर कर्जफेडीचा दाखला व फॉर्म ३५ घेऊन तो आधी उतरवावा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. गाडी परराज्यातील असल्यास ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा कर यांचा हिशेब किमतीत धरावा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. म्हणून चौदा वर्षांची गाडी स्वस्त वाटली, तरी ती वर्षभरात खर्च मागते.

‘नाव नंतर करू’ ही सवय सर्वांत महागात पडते. अनेकदा हात बदललेल्या, पण नाव न बदललेल्या एका मोटारीच्या अपघातप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नोंदीवरील मूळ मालकालाच जबाबदार धरले. म्हणजे नावबदलात विकणाऱ्याचेही हित आहे. खरेदीदारानेही चौदा दिवसांत विमा स्वतःच्या नावे करण्यासाठी अर्ज करावा. अन्यथा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडू शकते. आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ नव्या मालकाला मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

ठरलेल्या किमतीतील काही रक्कम नाव बदलेपर्यंत राखून ठेवावी आणि तसे लेखी करून घ्यावे. टायर, बॅटरी व पहिली सर्व्हिसिंग यांसाठी वेगळी तजवीज असावी. थंड इंजिन दाखवायला, घाटात न्यायला किंवा कागद तपासू द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी तो व्यवहार सोडून देणेच शहाणपणाचे.