‘रेल्म ऑफ केऑस’ : पटावरच्या युद्धातून जन्मलेला डेथ मेटल अल्बम

घशातून येणारा गुरगुरता आवाज, खालच्या सुरात लावलेली गिटार आणि तोफखान्यासारखे ड्रम. डेथ मेटल पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा नुसता गोंगाट वाटतो. पण युद्धाबद्दल बोलायचं असेल, तर आवाज तरी कसा असावा? १९८९ साली आलेल्या ‘रेल्म ऑफ केऑस’ या अल्बमने या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिलं.

बँड कोणता?

‘बोल्ट थ्रोअर’ हा बँड १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर १९४० मध्ये, जर्मन बॉम्बहल्ल्याने याच शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त केला होता. तिथल्या जुन्या कॅथेड्रलचे अवशेष आजही मुद्दाम तसेच जपले आहेत.

या अल्बममध्ये गायक कार्ल विलेट्स, गिटारवर गॅव्हिन वॉर्ड आणि बॅरी थॉमसन, ड्रमवर अँड्र्यू व्हेल, तर बासवर जो बेंच होत्या. एक्स्ट्रीम मेटलमध्ये त्या काळी वाद्य वाजवणाऱ्या स्त्रिया फारच कमी होत्या. त्यामुळे बेंच यांचं नाव आजही आवर्जून घेतलं जातं.

खेळाशी काय संबंध?

‘वॉरहॅमर’ हा छोट्या सैनिकांच्या मूर्ती मांडून खेळायचा युद्धखेळ. बँडचं नावही त्यातल्याच एका शस्त्राचं. बीबीसी रेडिओवर जॉन पील यांच्या कार्यक्रमातून बँडचं संगीत लोकांपर्यंत पोहोचलं आणि खेळ बनवणाऱ्या ‘गेम्स वर्कशॉप’शी त्यांचं सूत जुळलं. कंपनीने अल्बमसाठी चित्रं दिली. ‘वर्ल्ड ईटर’, ‘प्लेग बेअरर’ ही गाण्यांची नावंही थेट खेळाच्या दुनियेतली आहेत. पण सगळीच गाणी खेळावरची नाहीत. काही खऱ्याखुऱ्या संहाराबद्दलही बोलतात.

वेगळेपण कशात?

त्या काळात अनेक बँड एकमेकांपेक्षा जास्त वेगाने वाजवायच्या मागे होते. बोल्ट थ्रोअरनेही वेग ठेवला, पण मध्येच तो उतरवून रणगाडा सरकावा तशी संथ, जड चाल आणली. पुढे हीच त्यांची ओळख ठरली आणि नंतरच्या कित्येक बँडनी ती उचलली. ‘वर्ल्ड ईटर’मधली गिटारची धून तर बँडने पुढच्या अल्बममधल्या ‘सेनोटाफ’ या गाण्यात पुन्हा वापरली.

वाद आणि शेवट

२००५ मध्ये ‘इअरेक’ या रेकॉर्ड कंपनीने हा अल्बम वेगळ्या मुखपृष्ठासह पुन्हा काढला. बँडने त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यामुळे जुन्या मुखपृष्ठाची प्रत चाहत्यांना आजही जास्त मोलाची वाटते.

सप्टेंबर २०१५ मध्ये बँडचे तेव्हाचे ड्रमर मार्टिन कर्न्स यांचं निधन झालं. त्यांच्या जागी दुसरा वादक घेण्याऐवजी वर्षभराने बँडनेच कायमचा थांबण्याचा निर्णय जाहीर केला. आयुष्यभर युद्धावर गाणाऱ्यांनी अखेर आपल्या गेलेल्या साथीदाराची जागा रिकामीच ठेवली.